घुमटाखालचे मैदान

(म्हसा, तालुका मुरबाड येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पौष पौर्णिमा जवळ आली की म्हशाच्या माळाचे रूप पालटते. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव एरवी शांत असते. यात्रेच्या दिवसांत मात्र म्हसोबाच्या दर्शनाला येणारे भाविक, बैलबाजारात आलेले शेतकरी आणि घोंगड्यांच्या दुकानांपुढे घासाघीस करणाऱ्या गृहिणी यांनी सारा परिसर गजबजून जातो. हजारो माणसे आणि जनावरे सामावून घेणाऱ्या या माळाला भिंत नाही, दार नाही आणि छप्परही नाही. छपराची उणीव तेथे कोणाला भासत नाही, कारण यात्रा थंडीत भरते आणि त्या दिवसांत आभाळ निरभ्र असते.

खेळाचे तसे नाही. मुलांचे खेळणे एका ऋतूपुरते राखून ठेवता येत नाही. शहापूर-मुरबाडकडील गावांत भात कापून झाले की मोकळी झालेली खाचरे हीच मुलांची क्रीडांगणे होतात. तेथे कबड्डीच्या रेघा आखल्या जातात आणि विट्यांचे तीन दांडके रोवून क्रिकेटही चालते. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला, नांगर शेतात उतरला की ही क्रीडांगणे पाण्याखाली जातात. पुढील चार महिने मुलांना खेळायला कोरडी जमीन उरत नाही. आणि तालुका पातळीवरील शालेय स्पर्धा मात्र साधारणतः याच पावसाळी दिवसांत सुरू होतात. ज्या मुलीने दोन-अडीच महिन्यांत एकदाही धड सराव केलेला नाही, ती चिखलातून येते आणि स्पर्धेला उभी राहते.

म्हणूनच खेळाच्या मैदानावर छप्पर असावे काय, ते कसे असावे आणि त्याची जबाबदारी कोणी घ्यावी, हा प्रश्न या भागातील पंचायतींना परका नाही. त्याचे उत्तर शोधताना जेथे अशी छप्परे उभी राहिली, तेथे पुढे त्यांचे काय झाले, हे पाहणे हिताचे ठरेल.

वरळीचे क्रीडागृह

आपल्या राज्यातील या प्रकारची सर्वांच्या परिचयाची वास्तू म्हणजे मुंबईत वरळी येथे, हाजी अलीच्या दर्ग्यापासून जवळच असलेले सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागृह. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशात खेळांच्या संघटनेला नवा वेग आला होता. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. १९५२ साली मुंबईत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा भरली. ही स्पर्धा आशिया खंडात प्रथमच होत होती, आणि स्पंज लावलेली बॅट घेऊन आलेल्या जपानच्या हिरोजी सातो याने येथेच विजेतेपद मिळवून त्या खेळाचे तंत्र बदलून टाकले. टेबल टेनिस, बॅडमिंटन यांसारखे खेळ वाऱ्याची झुळूकही सहन करीत नाहीत. अशा खेळांसाठी बंदिस्त जागेची निकड त्या काळात जाणवू लागली होती.

नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडिया ही संस्था याच काळातली. पहिल्या आशियाई स्पर्धांच्या आयोजनात अग्रभागी असलेले क्रीडासंघटक अँथनी डि मेलो यांचा तिच्या उभारणीत पुढाकार होता. या संस्थेचे वरळीचे क्रीडागृह १९५७ साली उभे राहिले. योगायोगाचा भाग असा की, त्याच वर्षी इटलीत रोम येथे पिअर लुइगी नेर्वी या अभियंत्याचे घुमटाकार क्रीडागृह पूर्ण झाले. पुढे १९६० च्या ऑलिंपिक स्पर्धांत ते वापरले गेले.

वरळीच्या या वास्तूला मुंबईत आज सर्रास 'डोम', म्हणजे घुमट, असे म्हणतात. तिच्या नावाशी जुन्या पिढीच्या मनात जोडल्या गेलेल्या आठवणी आहेत त्या दारासिंग आणि किंगकाँग यांच्या काळातील कुस्त्यांच्या. नव्या पिढीला ती ठाऊक आहे कबड्डीमुळे. २६ जुलै २०१४ रोजी व्यावसायिक कबड्डी लीगचा पहिला सामना येथे झाला आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला पहिला अंतिम सामनाही येथेच झाला. त्यात जयपूरच्या संघाने मुंबईच्या संघाचा पराभव केला. पुढल्याच वर्षी मुंबईच्या संघाने याच छपराखाली विजेतेपद मिळवले.

या दोन तारखांकडे जरा बारकाईने पाहावे. जुलैची अखेर आणि ऑगस्टची अखेर, म्हणजे ऐन पावसाळा. कबड्डी हा तर मातीचा खेळ. महाराष्ट्रात तो हुतूतू या नावाने गावोगाव खेळला जात असे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने गेल्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात त्याला नियमांची चौकट दिली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांना आपल्या देशी खेळांचे दर्शन घडविले. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचून कबड्डीचा प्रसार केला आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तिला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले. इतकी वाटचाल करून आलेला हा खेळ भर पावसाळ्यात, दिव्यांच्या प्रकाशात कोट्यवधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला, तो केवळ डोक्यावर छप्पर होते म्हणून.

मात्र छपराबरोबर आणखी एक बदल झाला. पायाखालची माती गेली आणि तेथे मॅट आली. मातीवर पाय सरकतो, मॅटवर तो रोवला जातो. पकड, उडी, वळण या सर्वांचा अंदाज बदलतो. मॅटवर बूट घालून खेळावे लागते. आज मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. खाचरात तयार झालेला खेळाडू कितीही चपळ असला, तरी पहिल्यांदा मॅटवर उतरतो तेव्हा तो निम्मा नवशिका असतो. खो-खोचीही तीच गत आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागृहात खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. दोन्ही संघांचे कर्णधारपद महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. ती स्पर्धाही छपराखाली आणि मॅटवरच झाली.

घुमट कशासाठी?

क्रीडागृहाला घुमटच का, असा प्रश्न येथे सहज मनात येईल. उत्तर साधे आहे. सपाट छपराला मधे आधार लागतो आणि मैदानाच्या मधोमध खांब चालत नाही. घुमटाचा प्रत्येक भाग आपले वजन शेजारच्या भागावर टाकीत टाकीत कडेपर्यंत नेतो. कडेशी आलेला हा भार खाली दाबतो, तसाच बाहेरही रेटतो. पोलादी घुमटाच्या तळाशी मजबूत कडे बसवून हा रेटा आवरला जातो. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी धाव चढवतात, तसेच काहीसे हे काम आहे. विजापूरच्या गोलघुमटाखाली उभे राहिल्यावर मधल्या मोकळ्या जागेचा जो विस्मय वाटतो, तोच क्रीडागृह बांधणाऱ्यांना हवा असतो. गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे १२४ फूट आहे. पोलाद हाती आल्यावर माणसाने त्याच्या पाचपट अंतर एकाही खांबाशिवाय झाकून दाखविले.

ह्यूस्टनचे उदाहरण

ही करामत अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहरी झाली. तेथील उन्हाळा दमट, पावसाळी आणि डासांचा. उघड्या मैदानावर बेसबॉल पाहायला येणारे लोक हैराण होत. रॉय हॉफहाइन्झ या स्थानिक नेत्याच्या प्रयत्नांनी हॅरिस काउंटीने, म्हणजे आपल्याकडील जिल्हा परिषदेशी तुलना करता येईल अशा स्थानिक संस्थेने, कर्जरोखे काढून संपूर्ण मैदानावर घुमट उभारला. ९ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या उपस्थितीत तेथे पहिला सामना झाला. सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून बांधलेल्या या वास्तूचा मोकळा व्यास ६४२ फूट आणि आतील उंची २०८ फूट होती. 'ॲस्ट्रोडोम' या नावाने ती जगप्रसिद्ध झाली. जगाचे आठवे आश्चर्य म्हणून तिचा गाजावाजा झाला.

पहिल्याच हंगामात एक गोष्ट लक्षात आली. आतील हिरवळ जगावी म्हणून छपराला चार हजारांहून अधिक पारदर्शक तावदाने बसवली होती. त्यांतून येणारी तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर येऊ लागली आणि वर उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदानांना रंग फासला. तिरीप थांबली, पण उजेड कमी झाल्याने गवत मेले. अखेर १९६६ साली तेथे कृत्रिम हिरवळ अंथरण्यात आली. या मैदानाच्या नावावरून 'ॲस्ट्रोटर्फ' म्हणून ओळखली गेलेली ती हिरवळ पुढे जगभर पसरली. हॉकीचा खेळ तिच्यावर गेल्यानंतर भारतातील गवतावर वाढलेल्या खेळाडूंची किती ओढाताण झाली, हे येथील क्रीडाशिक्षकांना सांगावयास नको. दूरच्या शहरात एका छपराखाली गवत मेले आणि त्याचे परिणाम आपल्या मैदानांपर्यंत आले. मातीकडून मॅटकडे गेलेली कबड्डी त्याच वाटेवर आहे.

ह्यूस्टनच्या घुमटाने पुष्कळ काही पाहिले. १९६८ साली विद्यापीठांच्या एका बास्केटबॉल सामन्याला तेथे बावन्न हजारांवर प्रेक्षक जमले. १९७३ साली बिली जीन किंग या महिला टेनिसपटूने बॉबी रिग्ज या माजी विजेत्याला तेथेच तीस हजार प्रेक्षकांसमोर हरविले. महिलांच्या खेळाला मान मिळवून देणारा तो प्रसंग म्हणून क्रीडा इतिहासात नोंदला गेला. २००५ साली कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. तेथील लोकांनी आधी आपल्या शहराच्या घुमटाकार क्रीडागृहात आसरा घेतला; त्याचे छप्परही वादळाने उचकटले. मग बसगाड्या भरभरून हजारो निर्वासित ह्यूस्टनला आणले गेले आणि ॲस्ट्रोडोमच्या मैदानावर त्यांच्या खाटा मांडल्या गेल्या.

पण तोपर्यंत त्या वास्तूचे नियमित काम संपले होते. फुटबॉलचा संघ आधीच दुसऱ्या राज्यात गेला होता. बेसबॉलचा संघ १९९९ च्या हंगामानंतर नव्या मैदानावर गेला. २००८ नंतर इमारत लोकांना बंद झाली. २०१३ साली तिच्या नूतनीकरणासाठी २१ कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज काढावे काय, यावर मतदान झाले. मतदारांनी नकार दिला. पुढल्याच वर्षी तिची नोंद ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत झाली. आज ती उभी आहे आणि रिकामी आहे. पाडावी तर इतिहास पाडल्यासारखे होते, वापरावी तर खर्च झेपत नाही.

सिएटल शहराचा अनुभव याहून कडू आहे. तेथील 'किंगडोम' हे काँक्रीटच्या घुमटाचे क्रीडागृह १९७६ साली खुले झाले. १९९४ च्या जुलैमध्ये सामना सुरू होण्याच्या काही तास आधी छताच्या जड फरश्या निखळून प्रेक्षकांच्या आसनांवर कोसळल्या. दुरुस्तीवर प्रचंड पैसा खर्च झाला. २६ मार्च २००० रोजी सुरुंग लावून ती वास्तू जमीनदोस्त करण्यात आली. तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता मात्र २०१५ साली फिटला. जी इमारत पंधरा वर्षांपूर्वी धुळीला मिळाली होती, तिचे पैसे तेथील करदाते भरत राहिले.

छप्पर आणि त्याचा धनी

या उदाहरणांवरून मोठी क्रीडागृहे बांधूच नयेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. वरळीचे क्रीडागृह १९५७ पासून आजतागायत वापरात आहे. कुस्ती, कबड्डी, संगीताचे जलसे, संमेलने असे नाना प्रकार तेथे होत आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघांनी भारतात पहिल्यांदा सामने खेळले, तेही येथेच. पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून प्रामुख्याने शाळकरी मुले होती. त्यानंतर सहा महिन्यांत कोरोनाची साथ आली आणि २०२० साली याच क्रीडागृहात शेकडो खाटांचे उपचारकेंद्र उभे राहिले. जेथे चढाईपटूचा श्वास मोजला जात होता, तेथे रुग्णांना श्वास घेता यावा म्हणून परिचारिका रात्रंदिवस झटत होत्या.

वरळीचा घुमट टिकला, कारण तो सतत कोणत्या ना कोणत्या कामाला लागत राहिला आणि त्याची काळजी वाहणारी संस्था जागेवर होती. ह्यूस्टनचा घुमट त्याच्याहून कितीतरी भव्य. पण ज्या दोन संघांसाठी तो बांधला, ते निघून गेल्यावर त्याला रोजचे काम राहिले नाही.

कोल्हापूरचे खासबाग मैदान हे याचे आणखी जवळचे उदाहरण. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभारलेले हे कुस्तीचे मैदान १९१२ साली खुले झाले. त्याला घुमट नाही. आखाडा मध्यभागी आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी रचना असल्याने शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. शंभरहून अधिक वर्षे ते कुस्तीचे मैदान म्हणूनच ओळखले जाते, कारण कोल्हापुरात तालमी आहेत आणि तालमींत रोज पहाटे मल्ल उतरतात. ते मैदान तालमींनी जगवले आहे.

या तालुक्यांपुरते

राज्य शासनाने विभाग, जिल्हा आणि तालुका या तिन्ही पातळ्यांवर क्रीडा संकुले उभारण्याचे धोरण स्वीकारले आहे. तालुक्याच्या ठिकाणी संकुल झाले तरी सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाड्यावरील मुलीला तेथे रोज जाता येणार नाही. तिच्यासाठी छप्पर तिच्या शाळेजवळ, आश्रमशाळेच्या आवारात किंवा मोठ्या गावात हवे. हे काम वाटते तितके आवाक्याबाहेरचे नाही. मापे पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते, महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. व्हॉलीबॉलला १८ बाय ९ मीटर जागा लागते, खो-खोला २७ बाय १६ मीटर. सुमारे ४० मीटर लांब व २० मीटर रुंद, म्हणजे साधारण आठ गुंठ्यांच्या छपराखाली यांपैकी कोणताही खेळ बसतो. कबड्डीची तर दोन क्रीडांगणे शेजारी शेजारी मावतात. एवढ्या अंतराला घुमट लागत नाही. लोखंडी कैच्या आणि पत्रे पुरतात. बाजू मोकळ्या ठेवल्या तर दिवसा दिव्यांची गरज नाही. छपराची कड पुरेशी बाहेर काढली तर पावसाची झड आत येत नाही.

खरा विचार त्यानंतर सुरू होतो. पन्हळी दर वर्षी मे महिन्यात कोण साफ करणार? गंजलेला पत्रा बदलण्याची तरतूद कोणत्या अंदाजपत्रकात असेल? मॅट भिजली तर ती वाळवून गुंडाळून ठेवण्याचे काम कोणाचे? आणि सर्वांत महत्त्वाचे, किल्ली कोणाकडे राहणार? उद्घाटनाची फीत कापल्यावर ज्या सभागृहाला कुलूप लागते आणि पुढे ज्यात सिमेंटची पोती रचली जातात, असे सभागृह कोणी पाहिले नाही असे नाही. ह्यूस्टनची चूक आठ गुंठ्यांतही करता येते.

यासाठी बांधकामाच्या ठरावाबरोबरच देखभालीचा ठराव झाला पाहिजे. शाळा, ग्रामपंचायत आणि गावातील क्रीडामंडळ यांनी मिळून आठवड्याचे वेळापत्रक ठरवावे. सकाळी शाळेच्या मुलींचा सराव, दुपारी वर्ग, सायंकाळी मंडळाचे खेळाडू, असे वेळापत्रक भिंतीवर लिहिलेले असावे. लग्नकार्याला जागा द्यावी की नाही, हा वाद गावोगाव होतो. भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती होत असेल तर ती जरूर द्यावी. मात्र सराव बुडणार नाही इतके दिवस आधीच राखून ठेवावेत.

संकटाच्या वेळी अशा छपराचा दुहेरी उपयोग होतो, हेही विसरता येत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. गाडीतून बाहेर काढलेल्या माणसाला सर्वप्रथम हवे असते ते कोरडे, मोठे आणि उघडे असलेले छप्पर. जे क्रीडागृह रोज उघडते, तेच अशा रात्री चटकन उघडता येते.

शहापूर तालुक्यातील भातसा आणि तानसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते, मुरबाडजवळच्या बारवीचे पाणी जिल्ह्यातील शहरांना जाते. या भागावर कोसळणारा पाऊस साऱ्या महानगराची तहान भागवितो. त्याच पावसात येथील मुलांचे खेळणे मात्र चार महिने थांबते. वरळीच्या मॅटवर उद्या मुरबाडची किंवा शहापूरची मुलगी चढाईला गेलेली पाहायची असेल, तर तिच्या शाळेच्या आवारात आषाढातही एक कोरडे क्रीडांगण असले पाहिजे आणि सरावाच्या वेळी त्याचे दार उघडे असले पाहिजे. ग्रामसभेच्या पुढील बैठकीत या एका विषयाला अर्धा तास मिळाला, तरी कामाला आरंभ झाला असे म्हणता येईल.